"ताबा सुटला" म्हणजे नेमकं काय झालं?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात एखादं पोरगं मोटारसायकल घेऊन सोलापूर-हैदराबाद रोडवर जातं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. "भरधाव दुचाकीवरील ताबा सुटल्याने तरुणाचा मृत्यू." खाली चार ओळी. नाव, वय, गाव, कोणत्या दवाखान्यात नेलं, पोलिसांत नोंद. आपण वाचतो, हळहळतो, "पोरं लई पळवतात बघा" म्हणतो आणि पान उलटतो. मीही तेच करत होतो. मग मागच्या पावसाळ्यात ती बातमी माझ्यावरच यायची राहिली.

सोलापूरहून एकटाच उमरग्याकडं येत होतो. गाडीच्या मागं मोठा बॉक्स आणि बॉक्सवर बांधलेली सामानाची जड पिशवी. नळदुर्ग मागं पडलं, रस्ता मोकळा होता, काटा नव्वदच्या वर. एक कंटेनर ओलांडला. त्याच्या पुढं आलो तसा वाऱ्याचा धक्का बसला आणि त्याच वेळी पुढचं चाक रस्त्याच्या एका जोडावरून गेलं. हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग एवढं जोरात की हातात धरवेना. सेकंदाला सात-आठ हेलकावे असतील. मी सगळ्यांसारखंच केलं, हँडल गच्च आवळलं. ते अजूनच मारायला लागलं. घाबरून हात ॲक्सिलेटरवरून सैल झाला, वेग उतरला आणि जसं आलं तसं ते थांबलं. पाच-सहा सेकंदांचा खेळ. जळकोटला गाडी लावली, चहा मागवला, तर कप धरायला हात स्थिर नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं नेली. सगळे त्यांना मामूच म्हणतात. मामूंनी गाडी स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हँडल एका बोटानं इकडून तिकडं फिरवलं. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखं अडकलं. मग मागचा टायर बघितला आणि म्हणाले, "कोनसेट खलास झालाय, टायर बी मधून चपटा झालाय. वरून हे घरदार मागं बांधून फिरताय. वाचला, नशीब म्हणायचं."

गाडीचं नाव मी सांगणार नाही. दोष गाडीचा नव्हता, माझाच होता. कोनसेट शेवटचा कधी बघितला हे मला आठवतही नव्हतं. पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. मी पडलो असतो तर पेपरात काय आलं असतं? "ताबा सुटल्याने." खोटं नसतं ते. पण ते कारणही नसतं. पंख्याला लटकलेल्या माणसाबद्दल "श्वास थांबल्याने मृत्यू" असं लिहिण्यासारखं आहे ते. श्वास थांबला हे खरं, पण कशानं?

तेव्हापासून या थरथरीच्या मागं लागलो. जे हाती लागलं ते मांडतोय. गोष्ट इंग्लंड-हॉलंडातून फिरून आपल्या तलमोडच्या नाक्यापर्यंत येते.

आधी आपला रस्ता

हा रस्ता साधासुधा नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली, ती याच रस्त्यानं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि फौज हैदराबादच्या दिशेनं पुढं सरकली. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाचं राज्य संपलं. आपला मुक्तिसंग्राम दिन तो हाच.

पुढं हा राष्ट्रीय महामार्ग ९ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीत ६५. पुण्यातून निघतो आणि सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणमला समुद्राला भिडतो. आमच्या लहानपणी तो दुपदरी होता. समोरून ट्रक आला की गाडी साईडपट्टीवर उतरवायची, ट्रक गेला की परत डांबरावर यायचं. मोटारसायकल पन्नास-साठच्या वर जायचीच नाही. जायला जागाच नव्हती.

मग चौपदरीकरण आलं. ते किती वर्षं रखडलं, किती आंदोलनं झाली, किती जीव गेले, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण जसजसा रस्ता होत गेला तसं एक घडलं ज्याचा विचार आपण कुणी केला नाही. रस्त्यानं आपला वेग एकदम दीडपट-दुप्पट केला. गाड्या, सवयी, मिस्त्रीकाम आणि सामान बांधायची पद्धत मात्र जुनीच राहिली.

थरथरीचं गणित कुणी मांडलं

दोन चाकी वाहन उभं कसं राहतं, हा प्रश्न मोटारसायकलपेक्षा जुना आहे. १८१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल ड्राइसनं लाकडी दोनचाकी केली. तिला पायडल नव्हतं, पायानं ढकलत जायचं. १८६९ मध्ये रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरनं तिच्या तोलावर लेख लिहिले. १८९९ मध्ये केंब्रिजचा एक तरुण विद्यार्थी फ्रान्सिस व्हिपल यानं सायकलच्या चालीची पूर्ण समीकरणं मांडली. त्यातून निघालं की एका ठरावीक वेगाच्या टप्प्यात सायकल कुणी न धरताही स्वतःचा तोल सांभाळते. रिकामी सायकल जोरात ढकलून दिली की ती बरंच अंतर सरळ जाते. लहानपणी आपण सगळ्यांनी केलेला उद्योग. व्हिपलनं त्याचं गणित केलं.

पण व्हिपलच्या गणितात चाकं कडक होती, हवेचा टायर नव्हता. थरथरीची खरी चावी तर टायरातच होती. टायर रबराचा आहे. हँडल जरा वळलं की तो बाजूला जोर लावतो, पण लगेच नाही. जरासं अंतर लोळून गेल्यावर लावतो. हा उशीरच घातक. झोका परत येत असताना मागून चुकीच्या वेळी ढकलला की तो थांबायच्या ऐवजी वाढत जातो, तसं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं पुढचं चाक जोरात ढकलल्यावर फडफडतं ना, तोच प्रकार. विमानाच्या पुढच्या चाकाला आणि मोटारगाड्यांनाही हा रोग होता. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या हान्स पासेयका यांनी १९६६ मध्ये चाकाच्या याच फडफडीवर प्रबंध लिहिला. पुढं टायरच्या अभ्यासात त्यांचं नाव जगभर झालं.

मग १९७१ साल. रॉबिन शार्प या इंग्रज इंजिनिअरनं मोटारसायकलच्या स्थिरतेवर एक निबंध छापला. हवेचा टायर धरून त्यांनी गणित सोडवलं आणि दाखवलं की मोटारसायकल तीन वेगवेगळ्या प्रकारे बिघडू शकते. एक, हळूहळू कलंडणं. हे आपण न कळत सांभाळत असतो. दुसरं, अख्खी गाडी सापासारखी डोलणं, सेकंदाला साधारण दोन ते चार हेलकाव्यांनी. तिसरं, फक्त पुढचा भाग आणि हँडल थरथरणं, सेकंदाला सहा ते दहा वेळा.

मी या पोस्टपुरती दोन नावं ठेवतो, "डोलणं" आणि "थरथर". दोघांचा स्वभाव वेगळा आहे, तो लक्षात ठेवा.

थरथर बऱ्याचदा मध्यम वेगात, साठ-ऐंशीच्या आसपास डोकं वर काढते, त्यातही हात सैल असले की. तिची मुळं पुढच्या भागात असतात. सैल किंवा खाच पडलेला कोनसेट, झिजलेला टायर, कमी हवा, रिम आऊट.

डोलण्याचं उलटं आहे. वेग वाढेल तसं ते विझायला जास्त वेळ घेतं. आणि मागं, उंचावर, मागच्या एक्सलच्याही पलीकडं वजन लटकवलं की ते फारच बळावतं. चिमट्याचे बुश गेले असतील तर विचारायलाच नको.

पुढच्या वर्षांत शार्प आणि इतरांनी दाखवलं की चासी आणि पुढचे शॉकअप किती वाकतात हेही गणितात घ्यावं लागतं. आणि २०११ मध्ये काही संशोधकांनी एक मुद्दाम अशी सायकल बनवली जिच्यात चाकाच्या फिरण्याचा परिणाम आणि पुढच्या चाकाची मागं ओढली जाण्याची रचना, दोन्ही काढून टाकलं होतं. तरी ती आपली आपण तोल सांभाळत चालली! म्हणजे "चाक फिरतं म्हणून गाडी उभी राहते" हे आपलं शाळेतलं उत्तरही पुरं नाही. तोल ही एका कारणाची करामत नाही, वजन कुठं आहे हेही त्यात येतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की थरथर म्हणजे दैव नाही, भूतबाधा नाही आणि "पोराला गाडी येत नव्हती" एवढ्यावर सोडून द्यायची गोष्टही नाही. तिला कारण असतं. ते मोजता येतं. पन्नास वर्षांपूर्वीच मोजलेलं आहे.

कारखान्यांना हे कधी कळलं

गणित नंतर आलं, अनुभव आधी होता. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या हँडलच्या मधोमध एक मोठी गोल मूठ असायची. ती आवळली की आतल्या चकत्या घासून हँडल जड व्हायचं. थरथर मारायचा तो साधा इलाज होता. आजच्या महागड्या गाड्यांना त्याच कामासाठी तेलाचा डॅम्पर असतो.

१९५० मध्ये नॉर्टन कंपनीनं आपल्या रेसच्या गाडीला बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची नवी चासी लावली. एका रेसरनं ती चालवून पिसांच्या गादीची उपमा दिली आणि तेच तिचं नाव पडलं. चासी मजबूत असली तर तेच इंजिन किती वेगळं चालतं, हे त्या गाडीनं दाखवलं.

उलटं उदाहरण जपानचं. १९६९ मध्ये कावासाकीनं पाचशे सीसीची, साठ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक गाडी काढली. इंजिन भन्नाट, पण चासी आणि ब्रेक त्या ताकदीला पुरे पडणारे नव्हते. डोलण्यासाठी ती गाजली. तिच्या मोठ्या भावंडासकट त्या घराण्याला लोकांनी "विधवा करणारी" असं नाव दिलं. आधी ताकद येते, ती पेलणारी चासी-ब्रेक मागून येतात आणि मधल्या काळात पोरं मरतात. जगात हे एकदा होऊन गेलंय. आपल्याकडं ते आता होतंय.

आपल्या गाड्यांचा इतिहास

आता घरच्या गाड्यांकडं या. आपल्याकडं मोटारसायकल वेगासाठी आलीच नव्हती. ती ओझ्यासाठी आली.

राजदूत १७५ आठवते? मूळ नकाशा पोलंडच्या गाडीचा. गावोगावी दूधवाल्यांची गाडी, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, कारण सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी गाडी पाहिजे होती. जावा म्हैसूरला बनायची, तीच पुढं येझदी झाली. आणि आपल्या पुण्याच्या आकुर्डीतली चेतक, १९७२ पासून. दहा इंची चाकं, इंजिन एका बाजूला, वर नवरा-बायको, दोन लेकरं आणि पुढं गॅसची टाकी. चेतकचं हँडल सोडलं की ते थरथरायचं, हे चालवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण पन्नासच्या वेगात थरथरलं तर काय, हात ठेवला की संपलं. फिरोदियांची लुना, मग बजाजची एम-८०. या सगळ्या गाड्यांनी मराठवाड्याचा संसार वाहिला. कमी वेग आणि जास्त ओझं, हा आपला हिशोब होता आणि तो जुळत होता.

१९८३ मध्ये राजदूत ३५० आली. यामाहाच्या गाडीची भारतीय आवृत्ती, तीस हॉर्सपॉवरच्या घरात. त्या काळी ते अचाटच होतं. पण मूळ जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, आपल्याकडं आली ती ड्रम ब्रेक घेऊन. पुन्हा तेच, आधी ताकद आणि मागाहून बाकीचं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. स्प्लेंडरनं खेडं बदललं. शेतकरी, मास्तर, बँकेचा वसुलीवाला, सगळे तिच्यावर. पण तीही शंभर सीसीची, ॲव्हरेजसाठी घेतलेली गाडी.

२००१ मध्ये पल्सर आली, २००३ मध्ये करिझ्मा. लांब पल्ल्याला मोटारसायकल घेऊन जायचं, मजा म्हणून जायचं, ही कल्पना आपल्याकडच्या पोरांत तिथून रुजली. २०१३ मध्ये चाकणला बनलेली ३९० सीसीची केटीएम आली, चाळीसच्या वर हॉर्सपॉवर. मग डोमिनार, हिमालयन, आणि गल्लोगल्ली साडेतीनशेची बुलेट. आज तालुक्याच्या गावातलं कॉलेजचं पोरगं हप्त्यावर जी गाडी घेतं, तिचं इंजिन त्याच्या बापाच्या पहिल्या गाडीच्या पाचपट ताकदीचं असतं.

या नव्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चासी मजबूत आहे, टायर चांगले आहेत, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. गाडी कंपनीतून निघते तेव्हा ठीकच असते. प्रश्न आपल्या हाती आल्यानंतरचा आहे. आपण तिला चेतकसारखंच वागवतो.

सीटच्या मागं रॅक, रॅकवर बॉक्स, बॉक्सवर पिशवी. रुबाब म्हणून मागं जाडजूड, भलत्या मापाचा टायर. हायवेवर सरळ चालून मधोमध सपाट झालेला टायर "अजून लय चालतो" म्हणून तसाच. हवा अंदाजानं. कोनसेट तर हँडल खडखडायला लागल्याशिवाय कुणी बघतच नाही. हे सगळं साठच्या वेगात खपून जातं. शंभरला खपत नाही.

आता कायद्याकडं

इथं माझा खरा मुद्दा आहे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. आपल्या ६५ नंबरवर मात्र दुचाकी, ट्रॅक्टर, ऊसगाडी, कंटेनर आणि ट्रॅव्हल्स एकाच डांबरावर. बंदी घाला असं मी म्हणत नाही. आपल्या माणसाला दुसरा रस्ताच नाही, मुरूमहून उमरग्याला यायचं असो की येणेगूरहून सोलापूरला जायचं असो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० ठरवलेली आहे. किती जणांना ती माहीत आहे? मला नव्हती.

आता "ताबा सुटला" या दोन शब्दांचं वजन बघा. दुसरं वाहन नाही, एकटाच पडला, तर चूक त्याचीच धरली जाते. कैकदा हयगयीचा गुन्हा मयतावरच नोंदवला जातो. एकदा तशी नोंद झाली की घरच्यांनी भरपाईचा दावा कुणावर करायचा? समोर कुणीच उरत नाही. हातात राहतं ते फक्त गाडीमालक चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण, पंधरा लाखांचं. तेही पॉलिसीत घेतलेलं असेल आणि लायसन चालू असेल तर. गाडी भावाच्या नावावर असली की तिथंही अडतं. घरी जाऊन आजच पॉलिसी काढून बघा, ती ओळ तिच्यात आहे का.

दुसरं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यानं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण कायद्यानं मान्य केलंय की रस्ताही दोषी असू शकतो. त्याच दुरुस्तीत कलम ११०-अ आलं. गाडीतच दोष असेल तर कंपनीला ती परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला.

पण ही दोन्ही कलमं चालणार कशावर? नोंदीवर. आणि नोंदीत जर "ताबा सुटला" एवढंच असेल, तर दोन्ही कलमं कागदावरच. जोडावरची पायरी, डांबराची खचलेली कड, रस्ता खरवडल्यावर पडलेल्या लांबलचक रेघा, पुलाआधी बसलेला भराव, यांतलं काहीच नोंदीत येत नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरचा रस्ता लाटालाटांचा होतो. चारचाकीला तो धक्का वाटतो. कोनसेट ढिला असलेल्या मोटारसायकलला ती थरथरीची काडी असते. एकटी काडी पेटवत नाही, एकटं गवतही पेटत नाही. दोन्ही एकत्र आले की भडका. मग दोष कुणाचा? थोडा चालवणाऱ्याचा, थोडा गाडीच्या देखभालीचा, थोडा रस्त्याचा. पण नोंद एकाचीच होते, आणि तो बोलायला उरलेला नसतो.

२०२१ मध्ये अपघातांची नोंद मोबाईल ॲपवर जागेवरूनच करायची केंद्राची यंत्रणा सुरू झाली. आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं बनवलेली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे नोंदवायची सोय आहे. प्रश्न, काय नोंदवायचं हा आहे. आरटीओचे निरीक्षक अपघातातली गाडी तपासतात, ब्रेक बघतात. त्यांनी पुढचं चाक उचलून हँडल एका बोटानं फिरवून बघावं. टायरची तारीख आणि झीज लिहावी. मागं किती वजन होतं ते लिहावं. घसरणीच्या आधीच्या शंभर मीटर रस्त्याचा फोटो काढावा. पाच मिनिटांचं काम आहे. मामू करतात ते सरकारला करता येणार नाही का?

काही जण म्हणतील, पोरं एकशेवीसनं जातात, त्याचं काय? बरोबर आहे. वेग हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहेच, तो मी झाकत नाही. मी स्वतः ऐंशीच्या मर्यादेत नव्हतो, वर कबूल केलंय. पण "वेग" म्हणून थांबलो की पुढच्या पोराला उपयोग शून्य. त्याला वाटतं, मी नीट चालवतो, माझं हँडल सुटणार नाही. थरथर चांगल्या चालवणाऱ्याचीही होते, हे त्याला सांगितलं तर तो निदान कोनसेट तरी बघेल.

जाता जाता, कामाचं

मामूंकडून शिकलेलं आणि वाचून पडताळलेलं सांगतो.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागली तर कोनसेट बदला, नुसता आवळून उपयोग नाही. शॉकअप खालून धरून मागंपुढं हलवा, टक-टक झालं तर ढिला आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ लागला तर चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग. चेन आवळताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर मागचं चाक तिरकं बसतं. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कंपनीनं दिलेल्या मापाचाच टायर टाका. हवा थंड टायरवर बघा.

जड सामान खाली आणि पुढं, मांड्यांच्या जवळ. बॉक्समध्ये हलकं. बॉक्सच्या वर काहीच नाही.

आणि थरथर आलीच तर? हँडलशी कुस्ती खेळू नका. गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग जरा पुढं घ्या, मूठ धरलेली राहू द्या पण कोपर सैल. ॲक्सिलेटर हळू सोडा, एकदम नाही. पुढचा ब्रेक जोरात मारू नका. वेग उतरला की ती बहुतेक वेळा विझते. आणि हेल्मेट, पट्टा लावून. टाकीवर ठेवलेलं हेल्मेट टाकीला वाचवतं.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. आयटीआयच्या मास्तरांनो, पोरांना इंजिन खोलायला शिकवता तसं कोनसेट आणि चिमटा तपासायलाही शिकवा, आपला तालुका तुमच्या पोरांच्या हातावर चालतो. पत्रकार मित्रांनो, "ताबा सुटल्याने" लिहिताना एक प्रश्न विचारा, कशामुळं? आणि लोकप्रतिनिधींनो, पुढच्या रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत नळदुर्ग ते तलमोडपर्यंत एकटी दुचाकी जिथं जिथं पडली, त्या जागांची यादी मागा. एकाच जागी दोन-तीन जण पडलेले निघाले, तर तिथं सगळ्यांचाच ताबा कसा सुटतो, हे कुणीतरी सांगावं लागेल.

या रस्त्यानं १९४८ मध्ये आपल्याला निजामाच्या राज्यातून बाहेर काढलं. आज तोच रस्ता आपल्या पोरांना पुण्या-हैदराबादला नोकरीला नेतो आणि सणाला परत आणतो. ती परत यावीत एवढंच म्हणणं आहे.

कुणाला असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. जागा आणि वेळ नक्की लिहा, गाडीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. सगळं एकत्र करून एक निवेदन देऊ.

आणि उद्या सकाळी गाडी स्टँडवर लावाल तेव्हा हँडल एकदा एका बोटानं फिरवून बघा.